डॉक्युमेंट की टाइम सिरीज? व्यवसायासाठी डेटाबेस निवडताना काय तपासायचं

ऑर्डरवर तारीख असते, आणि तापमानाच्या सेन्सरचा संदेशही बहुधा जेसनमध्येच (नाव-मूल्य जोड्यांच्या मजकुरात) येतो. त्यामुळे डेटाचं वरवरचं रूप पाहून डेटाबेस निवडायला गेलं की हमखास फसायला होतं. पाहायचं असतं ते एवढंच, की नोंद लिहून झाल्यावर तिचं पुढे काय होतं.

ऑर्डर लिहिल्यानंतरही बदलत राहते. पैसे जमा होतात, पत्ता दुरुस्त होतो, दोन वस्तू परत येतात, मग ती बंद होते. तिला शोधतात ते ऑर्डर क्रमांकावरून किंवा ग्राहकावरून. तापमानाची नोंद एकदा लिहिली की सहसा कुणी तिला हात लावत नाही, आणि ती एकटी कुणाला नकोही असते. लोकांना हवा असतो गेल्या सहा तासांचा आलेख किंवा मागच्या महिन्याशी तुलना. दोन वर्षांनी ती जाते तेव्हाही एकेकटी जात नाही, अख्खा महिना एकदम टाकला जातो. म्हणून नोंदीच्या प्रत्येक प्रकाराला तीन प्रश्न विचारा: ती बदलते का? ती कशावरून शोधली जाते? आणि ती पुसली कशी जाते? ऑर्डरसारखी नोंद मोंगोडीबी, काउचबेस, काउचडीबी अशा डॉक्युमेंट डेटाबेसची, जिथे एका गोष्टीची माहिती एका डॉक्युमेंटमध्ये एकत्र राहते. तापमानासारखी, वेळेच्या क्रमाने साठत जाणारी नोंद इन्फ्लक्सडीबी, टाइमस्केलडीबी, प्रोमीथियस अशा टाइम सिरीज डेटाबेसची.

आधी प्रश्न लिहा

उत्पादनं पाहण्याआधी कागद घ्या आणि व्यवसायातली माणसं या डेटाला जे प्रश्न विचारतात ते दहा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांडा: दिवसातून किती वेळा विचारला जातो, उत्तर किती वेळात हवं, आणि किती मागे जावं लागतं. ‘या ग्राहकाची थकबाकी दाखवा’ हा डॉक्युमेंटचा प्रश्न. ‘कोणत्या यंत्राचा वीजवापर पंधरा दिवसांत चढत गेला?’ हा टाइम सिरीजचा. बहुतेक याद्यांत दोन्ही निघतात. अशा वेळी मोजणी करावी ती सर्वांत घाईच्या आणि सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या प्रश्नांची.

मग आकडा मांडा

समजा २,००० मीटर आहेत आणि प्रत्येक मीटर दर १० सेकंदांनी एक वाचन पाठवतो. दिवसाला एका मीटरची ८,६४० वाचनं, सगळ्यांची मिळून १,७२,८०,०००. सेकंदाला फक्त २०० नोंदी; हा वेग कोणताही बरा डेटाबेस सहज पेलतो. अडचण वेगाची नसून साठ्याची आहे: वर्षाला ६३० कोटींहून जास्त नोंदी.

प्रत्येक वाचन स्वतंत्र डॉक्युमेंट केलं आणि ते फील्डच्या (नोंदीतल्या रकान्यांच्या) नावांसकट २०० बाइटचं धरलं, तर कॉम्प्रेशनपूर्वी दिवसाला सुमारे ३.५ जीबी, इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूच्या) वेगळे. तेच टाइमस्टँप (नोंदीची वेळ) आणि संख्या मिळून कच्चे १६ बाइट होतात, म्हणजे दिवसाला सुमारे २७६ एमबी. टाइम सिरीज डेटाबेस त्यातही मोठी कपात करतात. फेसबुकने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोरिला पद्धतीत वेळेतल्या फरकाचा फरक साठवला जातो आणि आकडा आधीच्या आकड्याशी बिटनिहाय ताडून फक्त बदललेले बिट ठेवले जातात. त्यांच्या डेटावर १६ बाइटची नोंद सरासरी १.३७ बाइटवर आली. प्रोमीथियसही प्रति नमुना सरासरी १ ते २ बाइट घेतो. ही कपात नियमित अंतराने येणाऱ्या, हळूहळू बदलणाऱ्या आकड्यांवर होते. अनियमित येणाऱ्या मजकुरावर ती अपेक्षू नका.

दिवसाला काही लाखच नोंदी येत असतील, तर वेगळा टाइम सिरीज डेटाबेस उभा करण्याआधी पोस्टग्रेएसक्यूएल या नेहमीच्या टेबलांच्या डेटाबेसमधलं साधं, महिन्यानुसार विभागलेलं टेबल वापरून पाहा. त्याची सांभाळणी खूप कमी असते.

डॉक्युमेंटची रचना

एका वेळी जे वाचलं जातं ते एका डॉक्युमेंटमध्ये ठेवा. ऑर्डरमधल्या वस्तू ऑर्डरच्या आतच असाव्यात. ग्राहकाचा पत्ताही ऑर्डरमध्ये नकलून ठेवा, कारण माल त्या दिवशीच्या पत्त्यावर गेलेला असतो. ग्राहकाने उद्या घर बदललं तरी जुनी ऑर्डर बदलता कामा नये. वस्तूचा सध्याचा साठा मात्र आत नको, तिथे फक्त वस्तूचा क्रमांक.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे न संपणारी यादी. मीटरच्या डॉक्युमेंटमध्ये ‘वाचनं’ नावाची यादी करून त्यात भर घालत गेलं की पहिले काही आठवडे सगळं छान चालतं. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटची मर्यादा १६ एमबी आहे, पण त्रास त्याच्या खूप आधी सुरू होतो: डॉक्युमेंट जितकं फुगतं तितकं प्रत्येक बदलाचं ओझं वाढतं, आणि मीटरचं नुसतं नाव हवं असलं तरी अख्खी यादी मेमरीत येते.

बाकी गोष्टी थोडक्यात. पैशांसाठी दशांश प्रकार वापरा, साधी तरंगती संख्या नको. प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये रचनेचा आवृत्ती क्रमांक ठेवा. रचना लवचीक असली तरी आवश्यक फील्ड आणि त्यांचे प्रकार तपासणारा नियम डेटाबेसमध्येच लावा. संयुक्त इंडेक्समध्ये आधी तंतोतंत जुळणारं फील्ड, मग क्रम लावायचं, शेवटी पल्ल्याचं (‘इथपासून तिथपर्यंत’ शोधायचं).

मेमरीचा हिशेबही इथेच करावा. मोंगोडीबीचं वायर्डटायगर इंजिन एकूण मेमरीतून १ जीबी वजा करून उरलेल्याची निम्मी कॅशसाठी (डेटा हाताशी ठेवायच्या जागेसाठी) घेतं. १६ जीबीच्या सर्व्हरवर ती ७.५ जीबी होते. रोज वापरात असलेला डेटा आणि त्याचे इंडेक्स यात बसले नाहीत की क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) डिस्कवर जाते आणि एकाएकी सगळं मंदावतं.

टाइम सिरीजची रचना

इथे पहिला निर्णय ओळख कोणती आणि मोजमाप कोणतं हा. इन्फ्लक्सडीबीत ओळखीला टॅग म्हणतात, मोजमापाला फील्ड. प्रोमीथियसमध्ये ओळख म्हणजे लेबल. ओळखीच्या प्रत्येक वेगळ्या संयोगामुळे एक नवी सिरीज, म्हणजे वाचनांची वेगळी मालिका, तयार होते. २,००० यंत्रं, प्रत्येकावर ५ सेन्सर आणि ३ स्थिती, म्हणजे जास्तीत जास्त ३०,००० सिरीज, हे ठीक. त्यात ऑर्डर क्रमांक टॅग म्हणून घातला की रोज हजारो नव्या सिरीज जन्मतात आणि जुन्या पडून राहतात. इन्फ्लक्सडीबीच्या १ आणि २ या आवृत्त्यांत आणि प्रोमीथियसमध्ये यामुळे मेमरी भरून सर्व्हर कोसळतो. इन्फ्लक्सडीबी ३ चं इंजिन पार्केट (रकान्यांनुसार साठवणाऱ्या) फाइलींवर नव्याने बांधलेलं असल्याने तिथे हा त्रास बराच कमी आहे. तरी सवय एकच ठेवा: ग्राहक, ऑर्डर, सत्र यांचे क्रमांक टॅगमध्ये नकोत.

दुसरी गोष्ट दुहेरी नोंदींची. नेटवर्क तुटलं की उपकरण तोच संदेश पुन्हा पाठवतं. एमक्यूटीटी या उपकरणांच्या संदेशपद्धतीत क्यूओएस १ या हमीच्या पातळीवर तर ‘किमान एकदा पोचेल’ एवढीच हमी असते. इन्फ्लक्सडीबी तेच टॅग आणि तीच वेळ असेल तर जुन्या फील्डवर नवं मूल्य लिहितो, त्यामुळे पुनरावृत्ती आपोआप विरते. (वेळेची अचूकता सेकंदापर्यंतच ठेवली असेल तर मात्र एकाच सेकंदातली दोन खरी वाचनंही एकमेकांवर पडतात.) टाइमस्केलडीबीत मीटर आणि वेळ मिळून युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा न स्वीकारणारा) करा, वेळेचा रकाना त्यात असावाच लागतो. मोंगोडीबीच्या टाइम सिरीज कलेक्शनमध्ये (कलेक्शन म्हणजे नोंदींचा संच) युनिक इंडेक्स चालत नाही, म्हणून दुहेरी नोंदी आधीच गाळाव्या लागतात. नाही गाळल्या तर बेरीज वाढून येते आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रत्येक वाचनाबरोबर दोन वेळा ठेवा: उपकरणाने मोजल्याची आणि सर्व्हरवर पोचल्याची, दोन्ही यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). उपकरणाचं घड्याळ भरकटलं की ते या दोहोंच्या फरकातून ताबडतोब दिसतं. वीजमीटरसारख्या वाढत जाणाऱ्या मापासाठी वापराचा फरक न साठवता मीटरवरचा एकूण आकडा साठवा. मधला एखादा संदेश हरवला तरी बेरीज चुकत नाही. मीटर बदलल्यावर आकडा खाली येतो, तेवढी जागा क्वेरीत हाताळा. आणि न आलेलं वाचन शून्य म्हणून भरू नका; शून्य हे मोजमाप आहे, गैरहजेरी नाही.

टाइमस्केलडीबी वेळेनुसार टेबलाचे तुकडे करतो. तुकड्याची मूळ लांबी ७ दिवस. ताजा तुकडा इंडेक्ससकट मेमरीच्या पावभागात बसावा, असं साधारण प्रमाण आहे. वरच्या उदाहरणात इंडेक्ससकट एका ओळीला १०० बाइट धरले तर दिवसाला सुमारे १.७ जीबी, सात दिवसांचे १२ जीबी. १६ जीबीच्या सर्व्हरवर हे जमणार नाही; तुकडा १ दिवसाचा करा.

जुना डेटा काढताना या रचनेचं मोल कळतं. तुकडा टाकणं म्हणजे फाइल काढून टाकणं, क्षणाचं काम. डॉक्युमेंट कलेक्शनमधून मुदत संपलेल्या पावणेदोन कोटी नोंदी रोज पुसायच्या तर प्रत्येकीसाठी प्रत्येक इंडेक्सला हात लागतो, प्रतिकृती सर्व्हरवरही तेच काम पुन्हा होतं, आणि डिस्कवरची मोकळी जागा ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत मिळत नाही.

सारांशाचे थर असे लावता येतात: कच्ची वाचनं ३० दिवस, मिनिटाचा सारांश १ वर्ष, तासाचा ५ वर्षं. आपल्या उदाहरणात मिनिटाच्या सारांशाच्या दिवसाला २८,८०,००० ओळी होतात, तासाच्या फक्त ४८,०००. सारांशात नुसती सरासरी ठेवू नका. मिनिटांच्या सरासऱ्यांची सरासरी म्हणजे तासाची सरासरी नव्हे, कारण एखाद्या मिनिटात ६ वाचनं असतात आणि एखाद्यात २. बेरीज, संख्या, किमान आणि कमाल हे चार आकडे ठेवा. सरासरी हवी तेव्हा काढा.

टाइमस्केलडीबीत एक सापळा फार वाईट आहे. कच्चा डेटा ३० दिवसांनी टाकण्याचं धोरण आहे आणि सारांश ताजा करण्याची खिडकी (किती दिवस मागपर्यंतचा सारांश पुन्हा काढायचा) ९० दिवसांची ठेवली, तर ताजेतवाने करताना त्याला जुन्या दिवसांचा कच्चा डेटा सापडत नाही आणि तो त्या दिवसांचा सारांशही पुसतो. ताजं करण्याची खिडकी नेहमी कच्च्या डेटाच्या मुदतीपेक्षा लहान हवी. पण उशिरा येणाऱ्या वाचनांना सामावण्याइतकी मोठीही हवी: मीटर आठवडाभर नेटवर्कबाहेर राहू शकत असतील तर खिडकी किमान दहा दिवसांची.

प्रोमीथियसबद्दल स्पष्ट सांगायला हवं. तो सर्व्हर आणि सेवांवर नजर ठेवण्यासाठी आहे. मूळ साठवण १५ दिवसांची. बिल काढायला तो वापरू नका. शंभर टक्के अचूकता हवी तिथे तो योग्य नाही, असं त्याच्या अधिकृत माहितीतच लिहिलेलं आहे.

एकाच घरात दोन्ही

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जेसन साठवणारा जेसनबी प्रकार २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून आहे. त्यावर टाइमस्केलडीबी जोडलं की ऑर्डर आणि वाचनं एकाच डेटाबेसमध्ये, एकाच बॅकअपमध्ये राहतात. लहान चमूसाठी ही पहिली निवड असावी, असं आमचं मत आहे. मोंगोडीबी आधीच चालू असेल तर २०२१ च्या ५.० आवृत्तीपासून मिळणारी टाइम सिरीज कलेक्शन पाहा. मेटाफील्ड (नोंद कशाची हे सांगणारं फील्ड) कोणतं हे निर्मितीच्या वेळीच ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही. ग्रॅन्युलॅरिटी (नोंदी साधारण किती अंतराने येतात याची पातळी) फक्त सेकंदांकडून तासांकडे नेता येते. आणि साध्या कलेक्शनचं जागच्या जागी रूपांतर होत नाही, नवं बनवून डेटा हलवावा लागतो.

दोन वेगळे डेटाबेस ठेवलेच तर त्यांना जोडणारा दुवा मीटरचा न बदलणारा क्रमांक असू द्या. शाखेचं नाव, ग्राहक, हमी हे सगळं डॉक्युमेंटमध्ये. मीटर एका शाखेतून दुसरीत हलवला की ‘सध्याची शाखा’ पुसून नवी लिहू नका. शाखा, कधीपासून, कधीपर्यंत अशी छोटी यादी ठेवा. नाहीतर मागच्या वर्षीचा वापर आज ज्या शाखेत मीटर आहे तिच्या नावावर पडतो.

चाचणी

तयार आकड्यांवर विसंबू नका. स्वतःच्या रचनेचा किमान ३० दिवसांचा डेटा भरा, आणि तो मेमरीपेक्षा मोठा असू द्या. नोंदी एकेक न पाठवता गठ्ठ्याने पाठवा. इन्फ्लक्सडीबी २ साठी ५,००० ओळींचा गठ्ठा सुचवलेला आहे. लिहिणं चालू असतानाच ते दहा प्रश्न विचारा आणि सरासरीऐवजी ९५ टक्के क्वेरी किती वेळात संपतात ते टिपा. मग सर्व्हर अचानक बंद करा आणि किती नोंदी हरवल्या ते मोजा. आठवड्याभरापूर्वीची वाचनं उशिरा पाठवून सारांश दुरुस्त होतो का ते पाहा. एका महिन्याचा डेटा टाका आणि डिस्कवर जागा किती सुटली ते बघा. शेवटी बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर उतरवा आणि घड्याळ लावा. ५०० जीबी परत यायला नऊ तास लागत असतील आणि व्यवसाय दोनच तास थांबू शकत असेल, तर तो डेटाबेस क्वेरीला कितीही वेगवान असला तरी त्या रचनेत घेता येणार नाही. एकतर डेटा विभागा, नाहीतर तयार प्रतिकृती सर्व्हर शेजारी उभा ठेवा.