खोक्यातून बीहड: महाराजपूरच्या लढाईसाठी टेबलावरची जमीन

दिवाळीचा किल्ला जिथे बांधला तिथेच राहतो. पाणी शिंपडायचं, अळीव पेरायचे आणि सुट्टी संपली की मोडायचा. वॉरगेमच्या, म्हणजे टेबलावर छोटे शिपाई हलवून खेळायच्या लढाईच्या, जमिनीचं तसं नसतं. ती दर खेळाला मांडायची, परत काढायची, पलंगाखाली सरकवायची, आणि तिच्यावर दोन-तीन मिमी जाडीच्या बैठकीवरचे शिपाई न घसरता उभे राहायला हवेत. त्यामुळे माती बाद. उरतं ते घरातलं पॅकिंग: कुरिअरची खोकी, अंड्यांचे ट्रे, हिवाळ्यात साठत जाणारे गजकेचे (तीळ-गुळाच्या मिठाईचे) डबे.

ग्वाल्हेरला राहणाऱ्याने सुरुवात करायला महाराजपूरसारखी लढाई नाही. २९ डिसेंबर १८४३ ला शहराच्या उत्तरेला, चंबळच्या अलीकडे, शिंद्यांची फौज आणि सेनापती ह्यू गफची इंग्रज फौज भिडली. दक्षिणेला पनिहारलाही त्याच दिवशी लढाई झाली. इंग्रजांची अपेक्षा होती की शिंद्यांची मुख्य फळी चौंड्याला असेल. पण महाराजपूर गावात आधीच तोफा येऊन बसल्या होत्या. म्हणजे टेबलावर तीन गोष्टी हव्यात: घळींनी फाटलेली जमीन (इकडे तिला बीहड म्हणतात), मातीच्या घरांचं गाव आणि तोफांचे मोर्चे. यातली अवघड गोष्ट पहिली. बाकीच्या दोन एका रविवारी होतात.

आधी माप, मग खोका

हाताला खोका लागला की त्याचं घर करायचा मोह होतो, आणि तिथेच घोटाळा होतो. टूथपेस्टच्या खोक्याचं घर केलं तर शिपायांपुढे ते गोदाम दिसतं. १:७२ चे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, प्लास्टिकचे शिपाई धरले तर माणूस साधारण २४ मिमी. दार २५ मिमी, पण शिपाई २ ते ३ मिमीच्या बैठकीवर उभा असतो म्हणून २८ ठेवा. भिंत ४० मिमी, तोफेपुढचा मातीचा बांध १७ मिमी. २८ मिमीचे धातूचे शिपाई असतील तर सगळ्याला साधारण सव्वापट करा. ही मापं एका पट्टीवर लिहून ठेवा आणि दर कापणीआधी ती पट्टी खोक्याला लावा.

काय ठेवायचं, काय कचऱ्यात

कुरिअरचा पुठ्ठा बहुधा तीन पदरी, ३ मिमीच्या आसपास. फ्रिज-टीव्हीचा पाच पदरी, ५ ते ६ मिमी. दोन्ही ठेवा. पाणी लागून मऊ पडलेला किंवा तेलकट पुठ्ठा घेऊ नका. तेलाच्या डागावर फेव्हिकॉल धरत नाही आणि झुरळं मात्र नक्की येतात. गजकेच्या डब्याला वरून चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा असतो. नखाने एक कोपरा उचलून तो सोलता आला तर उत्तम, नाहीतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक घालवा. ती तशीच ठेवली तर रंग महिन्याभरात सालासारखा निघतो.

नमकीनच्या चंदेरी पिशव्या, ज्यूसचे आतून चंदेरी असलेले डबे, सफरचंदावरची फोमची जाळी, हे सगळं टाकून द्या. त्याला ना गोंद धरत ना रंग. दुधाच्या पिशव्या मात्र धुऊन, उभ्या चिरून, सपाट करून ठेवा. फेव्हिकॉल तिला चिकटत नाही, आणि म्हणूनच ती कामाची: दाबाखाली ठेवलेल्या दोन तुकड्यांच्या मधे घालायला यासारखा कागद नाही.

थर्माकोल वापरायचाच असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्प्रे रंग, रबर सोल्यूशन, फेव्हिक्विक, थिनर, सगळे त्याला खातात. पृष्ठभाग पाहता पाहता वितळून खड्डे पडतात. पाण्यात मिसळणारा गोंद आणि पाण्यात मिसळणारा रंग एवढंच चालतं. गरम तारेने कापताना येणारा धूर विषारी असतो, बंद खोलीत तर अजिबात नको. खरं सांगायचं तर घळींसाठी थर्माकोलची गरजच नाही, पुढे दिलेली पुठ्ठ्याची जाळी त्याच्यापेक्षा सरळ राहते आणि दाणे सांडत नाहीत.

घळ खोदता येत नाही, जमीन उचलावी लागते

टेबलात खड्डा पाडता येत नाही. घळ दाखवायची तर तिच्या दोन्ही बाजूंची जमीन वर आणायची, उरलेली फट म्हणजे घळ. ही गोष्ट डोक्यात बसली की बाकी सुतारकाम.

३० × ३० सेंमीचा एक तुकडा धरू. चार बाय तीन फुटांच्या प्लायवर असे बारा बसतात. त्यातले एका कडेचे चार घळींचे केले तर खेळाला पुरतात: दोन सरळ, एक वळणाचा, एक फाटा फुटणारा. प्रत्येक तुकड्यावर घळीचं तोंड कडेच्या बरोबर मध्यावर, १० ते २० सेंमीच्या खुणांमधे. हे न चुकता पाळलं तर कुठलाही तुकडा कसाही फिरवा, घळ शेजारच्या घळीला जुळते.

तळ: ३ मिमी पुठ्ठ्याचे दोन चौकोन, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या ज्या दिशेने धावतात त्या रेषेवर तो सहज मोडतो. आडवे-उभे चिकटवले की एकमेकांना धरून राहतात. फेव्हिकॉल पाणी न घालता, जुन्या कार्डाने ओढून पातळ पसरा. वर-खाली दुधाची पिशवी, त्यावर पाट आणि पिठाचा डबा, रात्रभर.

आता सरळ घळीच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंना १० सेंमी रुंदीचे दोन पठार. प्रत्येकासाठी ४७ मिमी उंचीच्या पट्ट्या कापा: बाहेरच्या चौकटीसाठी ३० सेंमीच्या दोन आणि ९.४ सेंमीच्या दोन, आत २९.४ सेंमीची एक आणि ९.४ सेंमीच्या पाच. हे सहा-सहा मिमी कमी कशासाठी? चौकटीच्या दोन्ही बाजूंची जाडी. ती वजा करायला विसरलात तर जाळी चौकटीत घुसवताना कडा फुगतात आणि दोन तुकडे शेजारी बसत नाहीत. आतल्या लांब पट्टीला दर ५ सेंमीवर वरून २४ मिमी खोल खाच, आडव्या पट्ट्यांना मधोमध खालून तेवढीच. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढी, केसभर कमीच. सगळ्या पट्ट्यांत नळ्या उभ्या आल्या पाहिजेत. नळ्या उभ्या असल्या तर ही जाळी धातूच्या पलटणीचं वजन आरामात पेलते. आडव्या असल्या तर पहिल्याच कोपराच्या दाबाने बसते. वर ३ मिमीचं झाकण. एकूण पठार ५० मिमी, म्हणजे आपल्या मापात साडेतीन मीटरच्या वर. खऱ्या बीहडापुढे हे काहीच नाही, पण यापेक्षा उंच केलं तर घळीत हात घालून शिपाई हलवता येत नाहीत.

कापताना एका दमात आरपार जाऊ नका. पात्याचं टोक हलकं ठेवून तीनदा ओढा. बोथट पातं नळ्या चिरडतं, आणि चिरडलेली कड नंतर कशानेही सरळ होत नाही.

घळीचा उतार असा: वर १० सेंमी, तळाशी ६ सेंमी. म्हणजे प्रत्येक पठाराचा पाय २ सेंमी आत येतो. पठाराच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत गजकेच्या डब्याच्या पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या तिरक्या चिकटवा, सलग नको, मधे मधे चुण्या पडू द्या. ६ सेंमीचा तळ ४० मिमीच्या बैठकीला आणि बोटांना पुरतो. त्याहून अरुंद घळ दिसते फार सुंदर, खेळता येत नाही.

अंड्यांच्या ट्रेची कातडी

तीस अंड्यांचा एक ट्रे फाडून दीड लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी घट्ट पिळा. हातात ओल्या कणकेसारखा गोळा आला पाहिजे, पाणी ठिबकायला नको. त्यात चार मोठे चमचे फेव्हिकॉल, चार मोठे चमचे वॉल पुट्टी. घळीच्या भिंतींवर ३ ते ४ मिमी थापा, जाड नको. अर्ध्या तासाने, लगदा जरा घट्टसर झाला की जुना टूथब्रश वरून खाली ओढत न्या. पावसाच्या पाण्याने मातीत पडतात तशा उभ्या चिरा पडतात; ब्रश आडवा फिरला की मात्र तीच भिंत खडकासारखी वाटू लागते. कडेला दोन-चार ठिकाणी बोटाने ढेकळं तुटल्यासारखी करा.

तुकडे वाकतात ते इथे. वरची बाजू ओली होऊन फुगते, वाळताना आक्रसते आणि कोरड्या तळाला ओढते; सकाळी तुकडा पापडासारखा वर वळलेला. उपाय साधा आहे: लगदा लावायच्या आधीच तळाच्या खालच्या बाजूला निम्मं फेव्हिकॉल, निम्मं पाणी मारा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच ओढतील. आणि वाळायला जमिनीवर नाही, जाळीवर ठेवा, खालूनही वारा लागला पाहिजे. मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवण्याचा मोह टाळा. वरचा थर तासाभरात कडक होतो, आतला ओलाच राहतो आणि भेगा पडतात. सावलीत, पंख्याखाली. जानेवारीच्या धुक्यात दोन-तीन दिवसही लागतात, तेवढे द्या. आतून ओल्या तुकड्यावर रंग मारला तर पंधरा दिवसांत बुरशीचा वास येतो.

फेव्हिकॉल वाचवायला मैद्याची खळ वापरणारे असतात. चालते, पण कसर आणि झुरळांची ती मेजवानी. बाइंडरकडची जुनी रीत म्हणजे खळीत चिमूटभर मोरचूद. ते विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा आणि लहान मुलं हाताशी असतील तर खळीच्या वाटेला जाऊच नका. चार तुकड्यांना साधारण अर्धा किलो फेव्हिकॉल लागतो.

घळींचा पट्टा संपून सपाट मैदान सुरू होतं तिथे एक उतार हवा. तळाचे ६ आणि पठाराचे ५०, असे ५६ मिमी खाली यायला २० सेंमी लांबी द्या. १५ सेंमीत उतरवलं तर शिपाई घसरायला लागतात. त्यातूनही बारीक वाळू फेव्हिकॉलवर भुरभुरली की बैठकी धरून राहतात.

जागा कमी असेल तर तळाशिवाय नुसते पठार करा आणि मातकट चादरीवर सोडून द्या. मधली फट घळ. दर खेळाला नकाशा बदलता येतो, दिसायला जरा उणं.

गाव आणि मोर्चे

घराला पाच पदरी पुठ्ठा घ्या, कारण मातीची भिंत जाड दिसायला हवी. ७० × ५० मिमीचा पाया, ४० मिमी भिंत, वर ५ मिमी कठडा, सपाट छप्पर. छप्पर चिकटवू नका. उचलून आत शिपाई ठेवता आले पाहिजेत. आतून दोन भिंतींना काडेपेटीच्या काड्या चिकटवल्या की छप्पर त्यावर टेकतं. कापलेल्या कडेला नळ्या दिसल्या की घराचं खोकं होतं, सगळी मेहनत फुकट. दारं-कोपरे, सगळ्या उघड्या कडांवर वर्तमानपत्राची पट्टी आधी लावा. मग चार भाग पुट्टी, एक भाग फेव्हिकॉल, थोडी चाळलेली वाळू. एक मिमीपेक्षा जाड नको, तडकते. ओलं असतानाच ओल्या बोटाने फिरवा, लिंपल्यासारखं उमटतं. घरं ओळीत मांडू नका. आठ-दहा घरं, मधे एकच बैठक जाईल एवढी गल्ली, हे गाव लढायला कठीण जातं आणि तेच पाहिजे.

मोर्च्यासाठी वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी, १७ मिमी उंच, वर तोच लगदा. तोफेच्या तोंडाची फट आपल्या तोफेच्या चाकांपेक्षा ४ मिमी रुंद ठेवा. आधी तोफ मोजा. (खऱ्या तोफांपैकी हाती लागलेल्यांच्या धातूचं स्मारक इंग्रजांनी कोलकात्याला हुगळीकाठी उभारलं.)

डिसेंबरअखेर ज्वारी निघालेली असते, तूर उभी असते. तिच्यासाठी पुठ्ठ्याच्या २ सेंमी रुंद पट्ट्या अशा कापा की वरच्या कडेला नळ्यांची भोकं येतील, आणि प्रत्येक भोकात नारळाच्या शेंडीचे चार-पाच धागे फेव्हिकॉल लावून खोवा, वर २५ मिमी राहतील असे. आपोआप सारख्या अंतराच्या ओळी. पट्ट्या सुट्या ठेवा, पलटण शेतात शिरली की दोन काढून घेता येतात.

रंग

पांढऱ्या डिस्टेंपरमधे यलो ऑक्साइडचा स्टेनर आणि काळ्याचे दोन-तीन थेंब. चार भाग रंगाला एक भाग फेव्हिकॉल मिसळला की कडा टाकल्या-उचलल्याने टवके जात नाहीत. इथली घळींची माती फिकट, पिवळट मळकी असते. लाल करू नका, गेरू वापरलात तर टेबल कोकणात जाईल. पहिला हात गडद, चिरांत शिरेल असा. वाळल्यावर त्याच रंगात पांढरा घालून कोरडा ब्रश: रंग फडक्यावर जवळजवळ पुसून, उंचवट्यांवरून नुसता घासत न्यायचा. घळीचा तळ वरच्यापेक्षा गडदच ठेवा. गवत पठारावर थोडं, सुताराकडचा लाकडाचा भुसा चहाच्या गाळणीतून चाळून हिरवट-पिवळ्या पोस्टर रंगात भिजवून वाळवलेला. भिंतींवर अजिबात नाही, कारण तिथली माती दर पावसाळ्यात ढासळते.

तुकडे ठेवताना एकावर एक रचू नका, खोक्यात उभे ठेवा, मधे वर्तमानपत्र. मांडताना दोन तुकड्यांमधली रेघ दिसतेच. भुश्याची चिमूट तिच्यावर सुटीच टाका, खेळ संपल्यावर ब्रशने डबीत परत गोळा करता येते.