गेमिंग कॅफेच्या कॅशे सर्व्हरसाठी डिस्क घेण्यापूर्वी

दहा-बारा संगणकांच्या कॅफेत लॅनकॅशे (एकदा उतरवलेले गेम साठवून कॅफेतल्या इतर संगणकांना थेट देणारी सर्व्हर प्रणाली) बसवायचे ठरले, की डिस्कच्या किमती पाहण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे या डिस्कवरचे काहीही जपून ठेवण्याजोगे नसते. ती बंद पडली तर गेम पुन्हा इंटरनेटवरून उतरवता येतात. त्यामुळे मिररिंगसाठी, म्हणजे तीच माहिती दोन ठिकाणी ठेवण्यासाठी, दुसरी डिस्क किंवा बॅकअप यांवर पैसे घालू नयेत. संगणक दोन-तीनच असतील तर सर्व्हरचीही गरज नाही, कारण २०२३ पासून स्टीम हे गेम विकणारे व्यासपीठ एकाच नेटवर्कवरील संगणकांमध्ये गेम परस्पर पाठवू देते.

नंतर गिऱ्हाईक खरोखर खेळते त्या गेमची यादी करून प्रत्येकापुढे लागणारी जागा लिहावी. काउंटर-स्ट्राइक २ ला ८५ जीबी लागतात, तर बाल्डर्स गेट ३ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ ला प्रत्येकी १५० जीबी. बेरजेच्या दीडपट जागा धरावी, कारण अपडेटनंतर निरुपयोगी झालेले जुने तुकडे डिस्क भरत आल्याशिवाय हटत नाहीत.

हार्ड डिस्क की एसएसडी, याचा निर्णय मात्र सावकाश करावा. गीगाबिट केबलमधून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात आणि मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सलग वाचनात त्याहून अधिक देते, म्हणून ती पुरेल असे वाटते. परंतु लॅनकॅशे प्रत्येक गेम एक-एक एमबीच्या तुकड्यांत साठवते, आणि चार जण चार वेगळे गेम उतरवू लागले की डिस्कच्या वाचणाऱ्या हेडला प्रत्येक तुकड्यासाठी नवी जागा गाठावी लागते. त्या हालचालीला १२-१३ मिलिसेकंद आणि वाचनाला पाच-सहा धरले, तर सेकंदाला जेमतेम ५०-५५ एमबी हाती लागतात, म्हणजे केबल निम्मी रिकामीच राहते. साध्या साटा जोडणीच्या एसएसडीलाही ही अडचण येत नाही, कारण तिच्यात हलणारे हेडच नसते.

स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) एसएसडीला लोक नाके मुरडतात, ते येथे अनाठायी आहे. तिचा दोष दीर्घ लेखनात मंदावण्याचा आहे, आणि १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) इंटरनेट जोडणीवरून सेकंदाला साडेबारा एमबीपेक्षा जास्त लिहायला येतच नाही. १ टीबीच्या अशा डिस्कवर ३६० टीबी लेखनाची हमी असेल, तर रोज सरासरी १०० जीबी लिहूनही ती नऊ-दहा वर्षे पुरते. माझ्या मते कमी बजेटमध्ये हीच पहिली निवड असावी. यादी फारच मोठी असेल तेव्हाच हार्ड डिस्क घ्यावी, तीही एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) नसलेली. जुनी घेत असल्यास विक्रेत्यासमोरच डिस्कची प्रकृती दाखवणारी स्मार्टसीटीएल (smartctl) आज्ञा चालवून रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर शून्य आहेत ना, ते पाहावे.

रॅममध्ये काटकसर नको. कॅशेच्या प्रत्येक टीबीमागे इंडेक्सला, म्हणजे कुठला तुकडा साठवला आहे याच्या नोंदीला, २५० एमबी लागतात, आणि उरलेली रॅम एकच अपडेट सर्वांनी एकदम मागितल्यावर डिस्कचा भार हलका करते. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या छोट्या डिस्कवर ठेवावी, आणि कॅशेची मर्यादा डिस्कच्या प्रत्यक्ष जागेपेक्षा थोडी कमी ठेवावी.

सर्व जुळले की दोन संगणकांवर आधीच कॅशेत असलेले दोन वेगळे गेम एकाच वेळी उतरवून सर्व्हरवर आयओस्टॅट (डिस्क किती व्यग्र आहे ते दाखवणारी आज्ञा) पाहावे. डिस्क सतत शंभर टक्के व्यग्र दिसली आणि वेगही कमी असला तर ती अपुरी आहे. डिस्क तितकी व्यग्र नसूनही वेग कमी असेल, तर स्विच आणि केबल तपासाव्यात.