जुने आर्केड मशीन घरी चालू करताना: पाच व्होल्ट बोर्डावर मोजा

मागचे दार उघडून धूळ झाडली, प्लायवूडला वाळवी नाही हे बघितले, इतके तुम्ही केले असेलच. मशीन जपानी असेल तर पाठीवरची पट्टी वाचा. १०० व्होल्ट लिहिले असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावू नका. बटणांचे मायक्रोस्विच दाबून बघा, 'टक' वाजत नाही तो बदला.

पिक्चर ट्यूबवर वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहतात. ते उतरवून टाकणे (डिस्चार्ज करणे) कुणाच्या हाताखाली शिकला नसाल तर जुने टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर बोलवा. ट्यूब काढावी लागलीच तर सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घालून तिच्यावर काच खाली करून ठेवा. मागची मान फार नाजूक असते.

आता खरे काम, म्हणजे गेमच्या चिप असलेला बोर्ड आणि त्याला पाच व्होल्ट देणारा सप्लाय. गेम चालू होतो आणि दहा मिनिटांत अडकतो किंवा आपोआप रीसेट होतो. लगेच कुणीतरी सांगते, "बोर्ड गेला." दुसरा सांगतो, "सप्लायचा नॉब फिरवून व्होल्टेज वाढव." दोघांचेही ऐकू नका. मी ऐकले होते. नवी पेठेतले एक पार्लर बंद झाले तेव्हा पहिले मशीन घेतले. सप्लायवर मीटर ५.० दाखवायचा, गेम मात्र तिसऱ्या राउंडला मरायचा. मी ५.५ केले, गेम चालला, मी खूश. पुढच्या महिन्यात चकचकीत कनेक्टर बसवला आणि तेच ५.५ थेट बोर्डावर पोचले. गेम साठवलेली एक रॉम चिप जळाली. ती आजतागायत मिळालेली नाही.

कारण साधे आहे. बोर्ड तीन अँपिअर ओढत असेल आणि काळ्या पडलेल्या कनेक्टरमध्ये, बारीक वायरीत मिळून ०.१ ओहम असेल, तर ०.३ व्होल्ट वाटेतच जातात. बोर्डावर उरतात ४.७, आणि बोर्डावरच्या ७४ सिरीजच्या (साध्या लॉजिक) चिपला किमान ४.७५ लागतात.

म्हणून मोजायचे बोर्डावर, गेम चालू असताना. १४ पायांच्या ७४ सिरीजच्या बहुतेक चिपमध्ये १४वा पाय पाच व्होल्टचा, ७वा ग्राउंडचा. एक प्रोब सप्लायच्या +५ च्या स्क्रूला, दुसरा त्या १४व्या पायाला लावला की वाटेत किती गेले ते थेट दिसते. ग्राउंडच्या बाजूनेही तसेच बघा. ती बाजू सगळे विसरतात. दोन्ही मिळून ०.२ च्या वर गेले तर नॉबला हात लावायचा नाही, आधी वाट साफ करायची. बोर्डाच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर कधीच नको, मुलामा पातळ असतो. कनेक्टर काळा असेल तर घासत बसू नका, नवाच टाका. जामा हार्नेसमध्ये (बोर्ड जोडायचा ठरावीक मांडणीचा वायरींचा गुच्छ, १९८५ पासूनचा, ५६ पिनांचा) ३, ४, सी, डी या चारही पिना पाच व्होल्टच्या आहेत. चारही जोडा, दीड स्क्वेअर एमएम वायरीने. मग चिपवर ५.०० ते ५.०५ ठेवा. बोर्ड बदलण्याआधी नॉब कमी करून ठेवायचा, हा नियम पाळाच.

फुकट खेळायला जामाच्या १६ नंबरच्या पिनेवरून (टोकन पडल्याचे बोर्डाला ती कळवते) ग्राउंडला एक बटण द्या. सोलापूरच्या एप्रिल-मेसाठी मागे वरच्या बाजूला १२ व्होल्टचा पंखा लावा, हवा बाहेर फेकणारा. आणि टोकनची पेटी काढून टाकू नका. बटण तिच्या स्विचला समांतर जोडता येते. टोकन आत पडतानाचा खणखणाट राहू द्या.