जुन्या लॅपटॉपसाठी हलका आणि फुकट अँटीव्हायरस कसा निवडावा

४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल, तर नवा अँटीव्हायरस शोधण्याआधी आत्ता त्यात काय चालू आहे ते बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासूनच असतो. तो डाउनलोड करावा लागत नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत. घरच्या वापराला बहुतेकांना तेवढा पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा आणि 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा. तिथे दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसतंय का? बऱ्याच लॅपटॉपबरोबर एखाद्या अँटीव्हायरसची ट्रायल येते, मुदत संपते आणि तो तसाच पडून राहतो. दुसरा अँटीव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो, म्हणजे जागा अडलेली आणि राखण मात्र अर्धवट. सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मध्ये जाऊन तो काढून टाका. नीट निघत नसेल, तर त्याच कंपनीच्या साइटवर तो काढण्याचं टूल मिळतं का बघा. लॅपटॉप रीस्टार्ट केला की डिफेंडर परत चालू होतो. मग 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' (सतत चालणारी राखण) आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' (डिफेंडर कोणी परस्पर बंद करू नये म्हणून) चालू आहेत ना, एवढं तपासा.

दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका. दोघंही प्रत्येक फाइल उघडून तपासायला जातात आणि लॅपटॉप जागच्या जागी अडकतो.

आता वजन बघायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'अँटीमॅलवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' ही ओळ शोधा. हाच डिफेंडर. स्कॅन चालू असताना त्याचे आकडे वाढणारच, म्हणून स्कॅन नसताना, नेहमीचं काम करता करता बघा. ही ओळ शांत आहे, पण वर डिस्कचा आकडा सतत १०० टक्के दिसतोय, तर अँटीव्हायरस बदलून काही हाती लागणार नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून खूप वेगवान डिस्क, बसवा, फरक लगेच कळेल.

डिफेंडरच जड जातोय असं दिसलं, तरच दुसरा शोधा. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था फाइल कॉपी करताना, ॲप उघडताना कोणता अँटीव्हायरस लॅपटॉपला किती मंद करतो ते मोजून निकाल सगळ्यांना खुले ठेवते. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातला सोपेपणा यांना प्रत्येकी ६ पैकी गुण देते. या चाचण्यांत डिफेंडर दर वेळी सर्वांत हलका ठरतो असं नाही, म्हणून ताजा निकाल बघूनच ठरवा. बिटडिफेंडर, अव्हास्ट, एव्हीजी, अविरा यांच्या फुकट आवृत्त्या मिळतात.

हलकेपणाइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुमची माहिती कुठे जाते. अव्हास्टने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जम्पशॉट २०२० मध्येच बंद झाली, तरी कोणताही अँटीव्हायरस टाकल्यावर त्याच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन माहिती शेअर करण्याच्या खुणा काढाच.

डाउनलोड कंपनीच्या मूळ साइटवरूनच करा. इन्स्टॉल होताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटू नका. सोबत येणारा ब्राउझर किंवा 'क्लीनर' नको म्हणून सांगा, नाहीतर हलका म्हणून आणलेलाच जड होतो.

अधूनमधून दुसऱ्या नजरेने तपासायचं असेल, तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती चांगली. ट्रायल संपल्यावर ती आपण सांगू तेव्हाच स्कॅन करते. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मालवेअर (व्हायरससारखे घातक प्रोग्रॅम) काढायची फुकट टूल्स आहेत.

विंडोज १० वर असाल, तर आणखी एक काम आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजमधलीच भोकं अँटीव्हायरस बुजवत नाही. जमत असेल तर ११ वर जा.

आणि पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलात आणि फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, तर त्यांतला एकही उघडू नका. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' निवडा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय समोर नसेल, तर 'शो मोअर ऑप्शन्स'खाली बघा.