ग्लिअल सेल्सचा तक्ता घोकू नका (फर्स्ट इयरवाल्यांसाठी)

ग्लिअल सेल्स (ग्लिया) म्हणजे न्यूरॉनना आधार देणाऱ्या, त्यांची काळजी घेणाऱ्या पेशी. फर्स्ट इयरला हिस्टॉलॉजीच्या (मायक्रोस्कोपखाली ऊती बघायच्या) प्रॅक्टिकलला मी अर्धा तास त्यातलाच एक, अ‍ॅस्ट्रोसाइट, शोधत बसले होते. पुस्तकात कसा चांदणीसारखा काढलेला असतो, आणि स्लाइडमध्ये नुसते जांभळे ठिपके. शेवटी मॅडम आल्या नि म्हणाल्या, अगं एच अँड ईमध्ये (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये) फांद्या दिसतच नाहीत, न्यूक्लियस बघ. मोठा, फिकट, अंडाकृती असेल तर बहुतेक अ‍ॅस्ट्रोसाइट, छोटा गोल गडद आणि भोवती रिकामी पांढरी जागा असेल तर ऑलिगोडेंड्रोसाइट, काडीसारखा लांबुळका म्हणजे मायक्रोग्लिया. चांदणी बघायला वेगळा स्टेन लागतो. तेव्हा जर्नलमध्ये गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीने दिसतं तेवढंच काढा.

मी पुण्यातच एमबीबीएस केलं, इंटर्नशिप संपत आलीये. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सेकंडहँड पुस्तकातला तक्ता मीपण घोकला होता, सीएनएसमध्ये (मेंदू नि स्पायनल कॉर्ड) चार प्रकार, पीएनएसमध्ये (त्याबाहेरच्या नर्व्ह) दोन, आणि परीक्षा झाल्यावर आठवड्यात सगळं साफ. डोक्यात बसलं ते स्किनच्या पोस्टिंगला. ओपीडीत एक काका आले होते, करंगळीच्या कडेला भाजल्याची जखम, गरम पातेलं लागलं तरी कळलं नाही म्हणाले. सरांनी मला त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागच्या खोबणीत बोट ठेवायला सांगितलं, आणि तिथली अल्नर नर्व्ह बोटाखाली दोरीसारखी जाड लागली. कुष्ठरोग. त्याचा जंतू श्वान सेलमध्ये, म्हणजे पीएनएसमधल्या नर्व्हना गुंडाळणाऱ्या ग्लिअल सेलमध्ये, घर करतो, आणि त्याला शरीरातला थंड भाग मानवतो, म्हणून कातडीलगत जाणाऱ्या नर्व्ह आधी सापडतात. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात पण गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, म्हणून लवकर ओळखणं फार फार महत्त्वाचं. त्या दिवसापासून श्वान सेल मला पाठ करावा लागला नाही.

म्हणून माझं म्हणणं, प्रत्येक सेलसोबत तो बिघडला की काय होतं ते वाचा. श्वान सेल एकाच अ‍ॅक्सॉनच्या (न्यूरॉनच्या लांब तंतूच्या) एका तुकड्याला मायलिन (चरबीचं वेष्टण) गुंडाळतो, ऑलिगोडेंड्रोसाइट मात्र एकाच वेळी बऱ्याच अ‍ॅक्सॉनना. हातातली नर्व्ह तुटली तर श्वान सेल्स वाट करून देतात आणि ती साधारण रोज 1 मिमी वाढते, पण स्पायनल कॉर्डमध्ये अशी सोय नाही. आता व्हायवाचा लाडका प्रश्न, ऑप्टिक नर्व्हचं मायलिन कोण करतं? नावात नर्व्ह आहे म्हणून सगळे श्वान म्हणतात, पण ती मेंदूचाच भाग, त्यामुळे ऑलिगोडेंड्रोसाइट, आणि म्हणूनच मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (शरीराचाच सीएनएसच्या मायलिनवर हल्ला) नजर जाऊ शकते, गियां-बारेमध्ये मात्र तसा हल्ला हातापायाच्या नर्व्हवर होतो.

अ‍ॅस्ट्रोसाइटला वेळ द्या. न्यूरॉन फायर झाला की बाहेर साचलेलं पोटॅशियम नि ग्लुटामेट तो उचलतो, नाहीतर ग्लुटामेट साचून न्यूरॉन मरतात. ब्लड ब्रेन बॅरिअर (रक्त नि मेंदू यांमधली गाळणी) अ‍ॅस्ट्रोसाइटची असते असं लिहू नका हं, खरा अडसर केशवाहिनीच्या एंडोथेलिअल सेल्समधले टाइट जंक्शन्स, अ‍ॅस्ट्रोसाइटचे पाय त्याला टिकवून धरतात.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतले सफाईवाले, पण ते बाकीच्यांसारखे न्यूरोएक्टोडर्ममधून (गर्भातला मज्जासंस्था बनवणारा थर) नाही तर योक सॅकमधून (गर्भाला जोडलेली पिशवी) येतात, हे एमसीक्यूला हमखास. इपेन्डायमल सेल्स म्हणजे व्हेंट्रिकलचं (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीचं) अस्तर, आणि सॅटेलाइट सेल्स बघायला डॉर्सल रूट गँग्लिअनची (स्पायनल कॉर्डलगतची संवेदनेच्या न्यूरॉनची गाठ) स्लाइड मागून घ्या, मोठ्या न्यूरॉनभोवती ठिपक्यांचं कडं इतकं स्वच्छ दिसतं की स्पॉटरला (स्लाइड ओळखायच्या प्रश्नाला) चुकूच शकत नाही.

आणि जुन्या पुस्तकात ग्लिया न्यूरॉनच्या 10 पट असतात असं छापलंय ते खोडा, 2009 च्या मोजणीत दोन्ही जवळपास सारखे, 86 अब्ज न्यूरॉन आणि 85 अब्ज बाकीचे सेल्स असं निघालं.