पुरवणी मागण्यांचं पुस्तक कसं वाचायचं

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की सरकार पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाची मागणी, मांडतं. एकूण आकड्यावर थांबू नका. आधी मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर पडतो ते सांगणारा चार आकडी क्रमांक, पाहा. मेडिकलसाठी, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय-रुग्णालयासाठी, पैसे मागितले असतील, तर 2210 म्हणजे पगार, औषधं असा महसुली खर्च. 4210 म्हणजे इमारतीसारखं भांडवली काम. मग शेजारचं कारण नीट वाचा. मार्चच्या अर्थसंकल्पात दिसायला हवी होती अशी गरज इथे आली असेल, तर अंदाजच कच्चा होता.

खरी गफलत पुढे होते. मागणी मंजूर झाली म्हणजे पैसा पोचला, असं नाही. राज्य सरकारच्या बीम्स या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर त्याच लेखाशीर्षाखाली तरतूद (मंजूर रक्कम), वितरण (खात्याला प्रत्यक्ष सोडलेला निधी) आणि खर्च हे तिन्ही आकडे ताडून पाहा. तफावत दिसली की लेखाशीर्षासकट आमदारांना लेखी द्या, म्हणजे तारांकित प्रश्न, ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात, नेमका विचारता येतो.