टोमॅटो-मिरचीची रोपं मोठ्या कुंडीत हलवण्याआधी

गणपती बसतात त्या दिवशी मिरचीचं बी छोट्या कपात पेरायचं आणि अनंत चतुर्दशीला टोमॅटोचं, म्हणजे दसऱ्याच्या आसपास दोन्ही रोपं एकदमच मोठ्या कुंडीत जायला तयार होतात. मिरचीला 35 ते 40 दिवस लागतात, टोमॅटोला 25 ते 30. पुण्यात गच्चीवर भाजी लावायला मला हाच मुहूर्त भरवशाचा वाटतो. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि झाडं फुलावर येईपर्यंत हवा गार होते. टोमॅटोला हे फार महत्त्वाचं, कारण पारा 35 अंशांच्या वर जाऊ लागला की त्याची फुलं फळ न धरताच गळतात.

दिवस मोजायचेच, पण रोपाकडेही बघायचं. चार ते सहा खरी पानं (उगवतानाची पहिली दोन सोडून) आली का, कपाच्या भोकातून पांढरं मूळ डोकावतंय का, हे पाहून दिवस ठरवायचा. मुळं तपकिरी होऊन कपात गोल फिरायला लागली असतील तर उशीर झालाय. बुटक्या, झुडपासारख्या वाढणाऱ्या टोमॅटोच्या बाबतीत हा उशीर महागात पडतो. त्याची वाढ ठरावीक उंचीची असते, फुलं एकदाच लागोपाठ येतात. कपात अडकून पडलं तर तिथेच कळी धरतं आणि नंतर कितीही मोठी कुंडी दिली तरी म्हणावं तसं अंग धरत नाही. उंच वाढणाऱ्या वेलासारख्या जाती थोडं सांभाळून घेतात.

हलवायच्या आठ दिवस आधी रोपांना उन्हाची सवय लावायला घ्या. खिडकीत वाढलेलं रोप थेट गच्चीवर नेलं तर ऑक्टोबरच्या उन्हात पानं पांढरी पडतात. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर कोवळं ऊन द्यायचं आणि रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. पाणीही थोडं कमी करायचं, पण रोप माना टाकेल इतकं नाही.

कुंडीची जागा आधी ठरवा, कुंडी नंतर आणा. टोमॅटोला 12 इंच रुंद आणि तेवढीच खोल ग्रो बॅग लागते. तिच्यात साधारण 22 लिटर मिश्रण मावतं आणि नुसत्या मातीने भरून पाणी घातलं तर वजन 30 किलोच्याही वर जातं. एवढं ओझं गच्चीच्या मधोमध मांडू नये, भिंतीच्या कडेने ठेवावं. खाली दोन विटा टाकल्या की पाणी साचत नाही आणि वॉटरप्रूफिंगही जपलं जातं. दिवसातून सहा तास ऊन मिळेल अशीच जागा हवी. मिरचीला 10 इंचांची कुंडी पुरते.

आता माती. इथे मात्र घाई करू नका. आपल्याकडची काळी माती कुंडीत एकटी वापरली तर ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. मी दोन घमेली माती, एक घमेलं कोकोपीट आणि एक घमेलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत घेते, शिवाय कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची 5 किलोची वीट फुगून साधारण 70 लिटर होते, म्हणून मोठा टब हाताशी हवा. ते दोन-तीन पाण्यांत धुऊन घट्ट पिळून घ्या, त्यात क्षार असतात. एका वर्षी मी न धुता वापरलं आणि आठवड्याभरात सगळ्या मिरच्यांच्या पानांच्या कडा करपल्या. ती रोपं पुन्हा सावरलीच नाहीत. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून मुरलेलं नाही. कच्चं खत कुंडीत तापतं आणि कोवळी मुळं भाजतात.

हे मिश्रण आठ दिवस आधी कालवून, त्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून, ओलसर करून बारदानाखाली सावलीत ठेवायचं. रोपं बुंध्याशी सडून कोलमडतात ती मर त्याने बरीच आटोक्यात राहते. लावायच्या दिवशी मिश्रण वाफशावर हवं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोटाने टोचलं तर फुटावा, आणि पाणी गळू नये. तळाला खडीचा थर घालू नका. त्याने निचरा वाढत नाही, उलट पाणी खडीच्या वरच्या मातीत तुंबतं आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे. वजन कमी करायचं असेल तर रसवंतीवरून उसाची चिपाडं आणा, ती वाळवून तळाशी दोन-तीन इंच घाला.

लावायची वेळ संध्याकाळी पाचनंतरची, म्हणजे रोपाला सावरायला अख्खी रात्र मिळते. दोन तास आधी कपांना पाणी द्या, ओली हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटत नाही. हात साबणाने धुवा. घरात कुणी तंबाखू खात असेल तर त्यांनी रोपांना हात न लावलेलाच बरा, कारण टोमॅटो, मिरची आणि तंबाखू एकाच कुळातले आणि तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून रोपात जातो. बांबूची काठी आधीच रोवून ठेवा, नंतर रोवली तर मुळांतून जाते. सुतळी कापून ठेवा, झारी भरून ठेवा. रिकामा कप मातीत दाबून खड्डा करून घेतला की हुंडी त्यात नेमकी बसते. एवढं सगळं झाल्यावरच पहिला कप उपडा करायचा. मुळं उघड्यावर असताना झारी शोधत फिरायची वेळ येऊ नये.

बोटांच्या बेचक्यात बुंधा अलगद ठेवून कप उपडा करा, तळाला टिचकी मारा. देठ धरून ओढू नका. टोमॅटोची खालची पानं काढून तो तिथपर्यंत खोल पुरा, मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. त्याच्यासाठी खड्डा तेवढा खोल हवा. मिरची मात्र कपात होती त्याच पातळीवर ठेवायची. काकडी-दोडक्याला हे हलवणं सोसत नाही, त्यांचं बी थेट मोठ्या कुंडीतच टोचा.

खालून पाणी येईपर्यंत झारीने पाणी द्या आणि तीन दिवस हिरव्या नेटची सावली करा. पिवळा चिकट सापळा त्याच संध्याकाळी टांगा. पांढऱ्या माशीचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून लागतो, तिच्यामुळे पसरणाऱ्या, पानं आकसून वळवणाऱ्या चुरडा-मुरडा रोगाला नंतर औषध नाही. पंधरा दिवस कुठलंही खत देऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी रोप मान टाकेल, ते पाहून लगेच पाणी ओतू नका. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर थांबा. संध्याकाळी पानं पुन्हा ताठ होतात, आणि आठवड्याभरात शेंड्याला पोपटी नवं पान दिसतं.